एक वीत वाढव

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचे धागे, सोडत मागं मागं सरकायचं, दुसऱ्यानं टोक धरून पीळ देत राहायचं. खांबाला टोक बांधून एकट्यालाही वळता येतो, पण तो दोर सैल पडतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उकलून जातो. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी वळून पाहिलंय.

कुरुंद्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आमचं गाव आहे. बायको शाळेत मास्तरीण आणि मी घरचा शेतकरी, असा आमचा संसार. मी बी. ए. झालेला आहे, हे गावाला माझी नांगरट वाकडी गेली की आठवतं. थोडी हळद, थोडा कापूस, ज्वारी, घरापुरती डाळ, एवढी शेती मी बैलानं करतो. बैलानं म्हणजे एका बैलानं. एका बैलानं नांगर चालत नाही हे लहान पोरालाही माहीत आहे, म्हणून मधे बरीच वर्षं माझी सावड होती.

सावड म्हणजे दोघांनी मिळून करायचं काम. माझ्या शेताच्या बांधाला ज्याचा बांध आहे, तो माझ्यासोबत शाळेत होता. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा घरची बैलजोडी फुटली आणि याच्या वाट्याला एक बैल आला. त्याच पावसाळ्यात माझ्या जोडीतला एक बैल साप चावून मेला. दोघंही एकाच बैलाचे धनी. एका संध्याकाळी बांधावर बसून आम्ही ठरवलं की दोन्ही बैल एका जुवाखाली घालायचे, एक दिवस त्याच्या रानात, एक दिवस माझ्या. शपथेचा बेलभंडारा उचलला नाही की चार माणसं बोलावली नाहीत. त्यानं तंबाखू मळली, अर्धी मला दिली, झालं. एवढं मात्र बोललो होतो की कुणाला बैल विकायचा झाला तर आधी दुसऱ्याला सांगायचं.

माझा बैल लाल कंधारी, त्याचा बांडा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा. अशी विजोड जोडी बघून गाव हसायचं. कुणी म्हणायचं, नवरा एका गावचा अन् वरात दुसऱ्या गावची. पण जुवाखाली ते दोघं असे चालायचे की मागं माणसानं नुसतं नांगराचं रुमणं धरून गाणं म्हणत यावं. बांडा वळणावर जरा थांबायचा, लाल्या त्याच्यासाठी पाऊल आखडायचा. हे त्यांना आम्ही शिकवलं नव्हतं.

गावात एकेक करून ट्रॅक्टर येत गेले आणि बैल कमी होत गेले. आम्ही बैलावर राहिलो, ते काही तत्त्व म्हणून नाही. आम्हाला ते आवडायचं. सकाळी रानात जाताना पाखरं दिसायची, मातीचा ओलावा पायाला कळायचा, आणि दुपारी बैल लिंबाखाली रवंथ करायला बसले की आम्हीही बसायचो. एकदा नांदेडहून दोघं जण कॅमेरा घेऊन आले. त्यांना ‘संथ आणि निसर्गस्नेही जगणं’ यावर काहीतरी करायचं होतं. तुम्ही हा मार्ग कसा निवडला, असं त्यांनी फार आदरानं विचारलं. माझा जोडीदार म्हणाला, बैल हळू चालतो साहेब, त्याला आम्ही काय करावं. ते बिचारे लिहून घेत होते. आम्ही पुढं कितीतरी दिवस हे आठवून हसलो.

आमचा खरा नाद होता दोराचा. बाजारात नायलॉनचे दोर आले तेव्हा सगळ्यांनी तेच घेतले, कारण ते कुजत नाहीत. पण ते बैलाची मान कापतात. मी तर नायलॉनला हात लावणार नाही असं चारचौघांत म्हणून बसलो होतो. आम्ही कापसाच्या ओळींमधे अंबाडी पेरायचो. कोवळी असेपर्यंत तिची भाजी व्हायची, आणि दिवाळीनंतर वाळत आलेली झाडं कापून, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायची. ती सडली की असा वास सुटायचा की बायको मला अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. मग साल सोलायची, झोडपून धुवायची, बाभळीवर वाळत घालायची. तो झाला वाख. पांढराशुभ्र, हातात घेतला की म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखा. तो माळ्यावर ठेवायचा आणि श्रावणात, झडीमुळे रानात पाय टाकता येत नाही तेव्हा, मारुतीच्या देवळात बसून दोर वळायचे. पोळ्याला बैलांच्या गळ्यात नवा दोर पाहिजेच.

यात आमचा एक नेम होता. आपल्या बैलाचा दोर आपण वळायचा नाही. मी बांड्याचा वळायचा, त्यानं लाल्याचा. कारण साधं आहे. आपल्या बैलाला माणूस कसाही दोर चालवून घेतो, दुसऱ्याच्या दारात बांधायचा म्हटलं की हात आपोआप नीट चालतो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तो पळसाची फुलं शिमग्याला गोळा करून वाळवून ठेवायचा आणि श्रावणात ती उकळून तीन पदरांतला एक पदर त्यात बुडवायचा. दोर वळला की त्यात केशरी रेघ फिरत जायची. मी त्याची नक्कल म्हणून घरच्या हळदीत पदर बुडवला, तो आठ दिवसांत उडून गेला. हळद लावलेली नवरी पळून गेली, असं तो म्हणाला. त्याची बायको आणि माझी बायको जुन्या लुगड्यांची ठिगळं जोडून झुली शिवायच्या, दोन्ही झुलींत दोन्ही घरची लुगडी. सगळ्या वर्षात मला पोळ्याआधीचे ते दिवस सर्वांत आवडायचे. दिवाळीसुद्धा त्यापुढं काही नाही.

त्या वर्षी श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी मी आणि बायको औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. रांग मोठी होती, परत यायला अंधार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी झड चालूच होती. मी वाख घेऊन देवळात गेलो तर तो आधीच येऊन बसलेला. त्याच्या गोठ्यावरून येताना मला बांडा दिसला नव्हता, म्हणून विचारलं. तो म्हणाला, कळमनुरीकडच्या मेव्हण्यानं हळदीतलं तण काढायला, कोळपं मारायला नेलाय, पोळ्याच्या आत आणतो. मला न विचारता बैल नेऊ दिला याचं थोडं वाईट वाटलं. पण मेव्हण्याची नड असेल, आणि ऐन झडीत आपलं तरी काय अडलंय, असं म्हणून मी सोडून दिलं. या पावसात मेव्हणा कोळपं कसलं मारतोय, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. विश्वासाच्या माणसासमोर डोकं चालत नाही.

आम्ही दोर वळायला घेतले. रोज दुपारी बसत होतो. तो टोक धरून पीळ देत होता, मी वाख सोडत मागं सरकत होतो. माझ्या हातात बांड्याचा दोर होता. गेल्या वर्षीच्या मापानं मी तो संपवत आणला आणि गाठ मारणार, तर तो मान वर न करता म्हणाला, “एक वीत वाढव. खांदा भरलाय त्याचा औंदा.”

मी एक वीत वाढवली. सोपं नव्हतं ते, पीळ उसवून पुन्हा तीन पदर जोडावे लागले. सांधा दिसू नये म्हणून मी तो भाग दोनदा वळला. बैलाची तब्येत सुधारली म्हणून मला आनंदच झाला होता. घरी येऊन मी बायकोला सांगितलंही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, त्यावर हळद आणि तूप चोळायचं आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतन द्यायचं. हेही आम्ही उलटसुलट करायचो, मी बांड्याचा खांदा मळायचो, तो लाल्याचा. मी वाटीत घरची हळद आणि तूप कालवलं, नवा दोर खांद्यावर टाकला आणि त्याच्या घरी गेलो. गोठ्यात खुंटा रिकामा होता. खुंट्याभोवतीची जमीन झाडून, सारवून ठेवलेली. बैल असलेल्या गोठ्यात अशी जमीन राहत नाही.

वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मेव्हण्यानं अजून बैल आणला नाही का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलं.

“भावजी, तुमाला सांगितलं न्हाई व्हय? सोमवारीच गेला की तो. टेम्पोत घालून नेला.”

तेवढ्यात तो मागच्या दारानं आला. आधी बस म्हणाला. मी बसलो नाही. मला सगळं कळलं होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून मी मुद्दाम विचारलं, मेव्हण्याकडंच आहे ना बैल. त्याला अजून एक खोटं बोलायची संधी मी दिली होती. ती मात्र त्यानं घेतली नाही.

“न्हाई. विकला,” तो म्हणाला. “पोरगं ट्रॅक्टर घेऊन राहिलं. दोन्ही सांभाळायला मानूस कुठं हाय घरात?”

“मला काहून न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू विकू दिला नसता.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी भांडलो असतो, हातापाया पडलो असतो, बांडा मी ठेवून घेतो म्हणालो असतो. त्याला ते सगळं नको होतं. त्यानं मी औंढ्याला जायची वाट बघितली. मी देवाच्या रांगेत उभा असताना इकडं टेम्पो आला होता.

“अन् एक वीत वाढव म्हणलास, ते?” मी विचारलं.

 तो म्हणाला, “तुझ्यासमोर बसून दुसरं काय बोलावं ते सुचलं न्हाई.”

मी घरी आलो. वाटीत दोन बैलांपुरती हळद होती. ती सगळी मी लाल्याच्या खांद्याला लावली. तो मान वळवून दाराकडं बघत होता. दरवर्षी दुसराच माणूस त्याचा खांदा मळायचा. माझ्या हाताची त्याला सवय नव्हती. आवतन द्यायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. गोठ्यात, चाळिशी उलटलेला माणूस, हातभर हळद माखून रडत होतो. बायको बाहेरूनच परत गेली.

नंतर ती समजावत होती. त्याची पाठ दुखते, वैरण आणायला कुणी नाही, त्यालाही तकलीफ असेल, असं तिचं म्हणणं. मी तिच्यावर ओरडलो. ट्रॅक्टर घेणं हा काही गुन्हा नाही, निम्म्या गावानं घेतलाय, मी कुणाशी बोलणं सोडलं नाही. त्यानं बैल विकला याचं दुःख मी गिळलं असतं. पण बैल गेल्यावर तो माझ्यासमोर बसून रोज पीळ देत होता, आणि नसलेल्या बैलासाठी मला दोर वाढवायला लावत होता. मी सांधा लपवायला दोनदा वळत होतो तेही तो बघत होता. याला फसवणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?  मला वाटतं तिला माझा राग थोडा जास्तच वाटत होता.

पोळ्याच्या सकाळी तो आला. त्याच्या हातात लाल्यासाठी वळलेला दोर होता. त्यानं तो ओट्यावर ठेवला आणि गेला. मी नंतर उचलून पाहिला. इतका चांगला दोर त्यानं कधीच वळला नव्हता. पीळ एकसारखा, गाठी बारीक, आणि एकाऐवजी दोन पदर पळसाच्या रंगात बुडवलेले. देवळात वळताना तो दुसरा रंगीत पदर मी पाहिला होता, हौस असेल म्हणून विचारलं नव्हतं. म्हणजे हा शेवटचा आहे हे त्याला वळतानाच माहीत होतं. मी तो माळ्यावर फेकला. शेजारी आदल्या रात्री टाकलेला बांड्याचा दोर होता, तोही तिथंच राहिला. लाल्याला अंघोळ घातली, शिंगांना गेरू लावला, पुरणपोळी चारली, पण वेशीत नेलं नाही. जोड्यांच्या रांगेत एकटा बैल घेऊन उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. वाजंत्र्यांचा आवाज घरापर्यंत येत होता आणि लाल्या कान टवकारून उभा होता.

त्यानंतर काही दिवसांनी पाऊस उघडला आणि रान कसण्याजोगं, वाफशावर आलं. मी लाल्याला घेऊन निघालो. बांधात एक खिंड आहे, तिथून रोज बांडा येऊन आम्हाला मिळायचा. लाल्या त्या खिंडीपाशी थांबला. मी चुचकारलं, कासरा ओढला, तो हलेना. वाट बघून झाल्यावर आपणहून निघाला. तेव्हापासून रोज थांबतो. मीही आता ओढत नाही.

ज्वारीच्या पेरणीच्या वेळी माझ्या रानाच्या कडेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. वर तो होता, एकटाच. खाली उतरून म्हणाला, तुझं रान मी करून देतो, काही द्यायचं घ्यायचं नाही. मी नको म्हणालो. तो जरा दुखावल्यासारखा झाला.

“गड्या, सावड अजून हायच की,” तो म्हणाला. “आधी माझा बैल होता, आता ट्रॅक्टर हाय.”

“सावडीत दोघांचं असतंय,” मी म्हणालो. “तुझ्या ट्रॅक्टरात माझं काय हाय?”

त्याला वाटत होतं की तो मला काही देतोय. मला मात्र त्याच्या शेजारी बैल घेऊन उभं राहायचं होतं, त्याच्या उपकारावर नाही. तो गेला. पेरणीला मी दुसऱ्या गावाहून एका म्हाताऱ्याची जोडी आणली. कोळपं आणि बारीकसारीक कामं लाल्या एकटा ओढतो. पुढं काय करायचं मला माहीत नाही. नवा बैल आणून पाहिला होता दोन दिवस. लाल्यानं त्याला जुवाखाली उभं राहू दिलं नाही.

त्या वर्षी अंबाडी मी एकट्यानं सडवली, सोलली आणि वाळवली. मग एक टोक देवळाच्या खांबाला बांधून लाल्यासाठी दोर वळला. नेम मोडला म्हणून वाईट वाटत होतं, पण नेम पाळायला दुसरा कुठं होता? सांगितलंच, तो दोर उकलला. जुना आधीच झिजून तुटला होता. शेवटी मी, नायलॉनला हात लावणार नाही म्हणणारा मी, बाजारातून पिवळा नायलॉनचा दोर आणला. दुकानदारानं बघितलं माझ्याकडं आणि दोर मापून दिला. लाल्याच्या गळ्यात तो बांधला आणि आठवड्यात मानेखालचे केस गेले. मग कातडं सोललं. मी हळद-तेल लावत होतो आणि वर पुन्हा तोच दोर बांधत होतो. रोज माळ्याकडं बघत होतो आणि रोज नाही म्हणत होतो. माशा बसायला लागल्या तेव्हा बायको म्हणाली, तुमच्या रागाची शिक्षा त्याच्या मानेला का?

मी शिडी लावली. केशरी रेघांचा दोर खाली काढला, झटकला, लाल्याच्या गळ्यात घातला. तो बसला. माप घ्यावं लागलं नाही, सैल नाही, घट्ट नाही. लाल्यानं दोर हुंगला, मग जीभ लावली. वर्ष होत आलं तरी पळसाचा रंग तसाच आहे. जखम भरली.

मी त्याला माफ केलेलं नाही. लोकांना वाटतं केलं, कारण बैलाच्या गळ्यात त्याच्या हातचा दोर आहे, आणि तसा दोर गावात दुसरा कुणी वळत नाही. त्यालाही तसंच वाटलं असावं. परवा रस्त्यात ट्रॅक्टर थांबवून तो खाली उतरला, लाल्याच्या मानेला हात लावला. लाल्यानं नेहमीसारखी मान त्याच्या काखेत घातली. जनावराला काय कळतं, असं मी म्हणणार नाही, पण मला त्या क्षणी लाल्याचाही राग आला.

“बराबर बसलाय की,” तो म्हणाला. चेहरा खुलला होता त्याचा.

“बैलाला बसलाय,” मी म्हणालो.

त्यानं दोरावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, “अन् बांड्याचा? तू वळलेला?”

“माळ्यावर हाय. एक वीत जास्त.”

त्यानं लाल्याच्या मानेवरचा हात काढून घेतला. ट्रॅक्टर चालू केला आणि गेला. आम्ही रानाच्या वाटेला लागलो. खिंडीपाशी लाल्या थांबला, मीही थांबलो.